बाबांचं चालणं आणि मे महिन्यातला मुतखडा

चालण्यावरच्या एका अभ्यासात भाग घेण्यासाठी बाबांपुढे ठेवलेलं संमतिपत्र मराठीत होतं, आणि वाचून कळेल अशा मराठीत होतं. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात याच कागदातल्या एका ओळीने आम्हाला हात दिला.

फेब्रुवारीत बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडली आणि डावा हात-पाय गेला. वाचा शाबूत राहिली, उजवा हात शाबूत राहिला. हळूहळू ते धरून उभे राहायला लागले, मग वॉकर आला, मग चार पायांची काठी. डावं पाऊल पुढून उचललं जात नव्हतं, त्यामुळे अख्खा पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकायचे. नागपुरात ज्या रुग्णालयात त्यांची फिजिओथेरपी चालू होती, तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक मुलगी नेमक्या अशाच रुग्णांच्या चालण्यावर प्रबंध करत होती. एक दिवस तिने विचारलं, "काका, आमच्या अभ्यासात याल का?"

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही हा त्यांचा जुना शिरस्ता. ती मुलगी शेजारी बसून राहिली आणि त्यांनी एकेक पान वाचलं. दोन गट असतील. एका गटाला कमरेला आणि छातीला पट्टे बांधून, वरून थोडं वजन उचलून धरत ट्रेडमिलवर चालवायचं. दुसऱ्या गटाला जमिनीवरचे व्यायाम द्यायचे. कोण कुठल्या गटात जाणार हे आपण ठरवायचं नाही आणि तिनेही नाही, ते सीलबंद पाकिटातून निघणार. मधेच सोडावंसं वाटलं तर कारण न देता सोडता येईल आणि नेहमीचे उपचार त्यामुळे थांबणार नाहीत. शेवटी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक होता, भाग घेणाऱ्यांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांचा फोन होता. आणि ती ओळ: अभ्यासाच्या काळात कुठल्याही कारणाने रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर लगेच कळवावं.

"अन् मधातच जमलं नाही तं?" बाबांनी विचारलं.

"तरी तुमची नोंद राहील काका. ज्यांना जमलं नाही त्यांना वगळलं तर निकाल खोटा चांगला दिसतो."

हे उत्तर बाबांना पटलं. त्यांनी सही केली.

पाकिटातून ट्रेडमिलचा गट निघाला. मला बरं वाटलं, यंत्र आहे म्हणजे जास्त फायदा होणार असं मनात आलं. त्या मुलीने तिथेच सांगितलं की तसं गृहीत धरू नका. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. ट्रेडमिलवर पट्ट्यांनी चालवलेले आणि घरी थेरपिस्टकडून व्यायाम करून घेतलेले, दोघांची सुधारणा वर्षाअखेर सारखीच निघाली. सगळे मिळून ५२ टक्के लोक चालण्याच्या वरच्या पायरीवर गेले. आपल्याकडेही १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक अभ्यास झाला. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले तर रुग्ण जास्त सुधारतो का, हा त्याचा प्रश्न होता. २०१७ साली उत्तर आलं, नाही, नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. रोज सकाळ-संध्याकाळ बाबांचं पाऊल धरून बसणाऱ्या मला हे ऐकून वाईट वाटलं. पण रुग्णाच्या घरच्यांना इतकं खरं सांगणारं माणूस मला त्या दोन महिन्यांत दुसरं भेटलं नव्हतं, आणि तिच्यावर माझा विश्वास तिथे बसला.

पहिली मोजणी एका लांब कॉरिडॉरमध्ये झाली. फरशीवर रंगीत चिकटपट्टीने खुणा केल्या होत्या. सुरुवातीचे दोन मीटर आणि शेवटचे दोन मीटर सोडून मधल्या दहा मीटरना लागणारा वेळ मोजायचा. मोजणारी वेगळी होती. बाबा कुठल्या गटात आहेत हे तिला माहीत नव्हतं आणि तिला सांगायचं नाही अशी आम्हाला ताकीद होती. बाबांना सव्वीस सेकंद लागले. सेकंदाला ०.३८ मीटर. शास्त्रात ०.४ च्या खालचा माणूस घरातल्या घरात चालणारा धरतात, ०.८ च्या वर गेला की तो बाहेर मोकळा फिरू शकतो. मग सहा मिनिटांची चाचणी, तीस मीटरच्या अंतरावर दोन शंकू, त्यांच्याभोवती फेऱ्या. दर मिनिटाला मोजणारी एक ठरलेलं वाक्य ठरलेल्या सुरात बोलायची. जास्त शाबासकी दिली तर माणूस जास्त चालतो, म्हणून ते वाक्यही नियमात बांधलेलं असतं.

त्या दिवशी ढीगभर प्रश्न विचारले गेले. रक्तदाब, साखर, पडलात का, दुखतं का, मन खिन्न असतं का. पाणी किती पिता आणि लघवीला जाता येतं का, हे त्या यादीत नव्हतं.

एप्रिल सरला. बाबा सुधारत होते. ट्रेडमिलवर ती त्यांच्या डाव्या बाजूला खाली बसून पाऊल हातात धरायची आणि टाच आधी टेकवायला लावायची, एक विद्यार्थी मागून कंबर सावरायचा. पट्टे बांधायला वेळ लागायचा. मांड्यांमधून, कमरेवरून, छातीवरून अशा सगळ्या बकला. सोडवायलाही तेवढाच वेळ. आमचं सत्र दुपारी असायचं, कारण सकाळी विभागात बाहेरच्या रुग्णांची गर्दी.

मग मे लागला. नागपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरची हवा गरम, बाराच्या पुढे रस्ता ओस. आम्ही ऑटोला ओला टॉवेल लावून जायचो. नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते तापलेले नऊ दिवस, लागायच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी बाबांची उजवी कूस दुखायला लागली. उजवी म्हणजे चांगली बाजू. सगळा भार त्याच बाजूवर येत असल्याने स्नायू आखडला असेल असं त्यांचं म्हणणं. रात्री दुखणं कुशीतून खाली जांघेकडे उतरलं, उलट्या झाल्या. पहाटे पंचेचाळीस अंशांच्या त्या दिवसांत बाबांना हुडहुडी भरली. दोन चादरी घातल्या तरी दात वाजत होते. ताप १०२ होता.

कॅज्युअल्टीत रक्त घेतलं, लघवी तपासली, सीटी स्कॅन झाला. उजव्या मूत्रवाहिनीत वरच्या भागात आठ मिलिमीटरचा खडा अडकला होता, मागे मूत्रपिंड फुगलं होतं, मूत्रपिंड नीट चालत नसलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन २.१ वर गेलं होतं आणि तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले होते. युरॉलॉजिस्टनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी इथे तसंच सांगते, कारण हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं. नुसता मुतखडा दुखतो, माणूस तळमळतो, पण बहुतेक वेळा त्यात लगेच जिवाला धोका नसतो. मुतखडा आणि त्यासोबत थंडी वाजून ताप, हे दोन्ही एकत्र आलं की घड्याळ सुरू होतं. अडकलेली लघवी मोकळी केली नाही तर जंतू रक्तात पसरतात आणि काही तासांत रक्तदाब कोसळतो. नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, कारण बंद पडलेल्या मूत्रपिंडात औषध पुरेसं पोचत नाही.

"खडा आज काढायचा नाही," ते म्हणाले. "आज फक्त वाट मोकळी करायची."

वाट मोकळी करायचे दोन मार्ग. पाठीतून सुई घालून मूत्रपिंडात नळी टाकायची, नाहीतर खालून दुर्बिणीने मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट, म्हणजे काही दिवस आत राहणारी बारीक नळी, सरकवायचा. बाबा झटक्यानंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवर होते. दोन्ही रक्त पातळ ठेवणारी, पाठीतून सुई घातली तर रक्तस्रावाचा धोका जास्त. औषधं एकदम थांबवावीत तर मेंदूची भीती. म्हणून स्टेंट ठरला. रक्तदाबाची टेल्मिसार्टन तेवढी थांबवली, कारण शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते. न्यूरॉलॉजिस्ट आणि युरॉलॉजिस्ट फोनवर बोलले, मी दाराशी उभी होते. ऑपरेशन थिएटरमधून बाबा बाहेर आले तेव्हा पिशवीतली लघवी गढूळ पिवळी होती. ती वाहते आहे हे बघून मला रडू आलं.

सकाळी मी संमतिपत्रावरच्या नंबरला फोन लावला. सुट्टीचा दिवस होता. ती मुलगी तासाभरात वॉर्डात हजर. अभ्यासात भाग घेतलेला माणूस दाखल झाला की ती नोंद "गंभीर प्रतिकूल घटना" म्हणून होते आणि एथिक्स कमिटीला चोवीस तासांत कळवावी लागते. अभ्यासाचा दाखल होण्याशी संबंध असो वा नसो. मला वाटलं होतं ती कागद भरून जाईल. ती खुर्ची ओढून बाबांजवळ बसली.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो: घटनेचा अभ्यासातल्या उपचाराशी संबंध आहे का. नाही, शक्य आहे, बहुधा आहे, नक्की आहे, अशा पर्यायांतून एक निवडायचा. वरवर पाहिलं तर उत्तर सोपं होतं. चालण्याचा व्यायाम आणि मुतखडा यांचा काय संबंध? वॉर्डातल्या एका डॉक्टरांनी तसं बोलूनही दाखवलं, उन्हाळा आहे, विदर्भात दर मे-जूनला खड्याचे पेशंट येतातच. पण ती बाबांना विचारत राहिली. काय खाता, किती झोपता, पाणी किती पिता.

बाबा आधी गप्प होते. मग म्हणाले, "तुमच्याकडे यायचं असलं की सकाळी नवापासून पाणी बंदच करत होतो जी मी."

झटक्यानंतर बाबांना लघवीची घाई व्हायची. मेंदूकडून मूत्राशयाला मिळणारा आवर सैल होतो, कळ आली की दोन मिनिटंही निघत नाहीत. आणि बाबांच्या चालीने दोन मिनिटांत काय होतं? विभागातलं स्वच्छतागृह कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, दाराला उंबरठा, आत भारतीय बैठक, फरशी ओली. ऑटोत कळ आली तर काय करायचं, पट्टे बांधलेले असताना आली तर काय करायचं, एका मुलीच्या वयाच्या थेरपिस्टला कसं सांगायचं. बाबांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. रस्त्यावरची सारी नोकरी त्यांनी असंच पाणी मोजून काढली होती, त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. सत्र संपून घरी यायला संध्याकाळ व्हायची. पंचेचाळीस अंशांत नऊ ते पाच, वर घाम गाळणारा व्यायाम, आणि घोटभर पाणी.

तिने ते सगळं लिहून घेतलं आणि रकान्यात "शक्य आहे" असं लिहिलं. स्वतःच्या प्रबंधाला अडचण होईल असं उत्तर तिने लिहिलं. तिच्या मार्गदर्शकांनीही त्यावर सही केली.

नंतर युरॉलॉजिस्टनी मला नीट समजावलं. घामावाटे पाणी गेलं की मूत्रपिंड पाणी राखून ठेवतं, लघवी थोडी आणि दाट होते, त्यात कॅल्शियम आणि ऑक्झलेट इतके दाटतात की विरघळलेले राहू शकत नाहीत, स्फटिक धरतात. आधीपासून बसलेला बारीक खडा असेल तर वाढतो, सुटतो, अडकतो. अमेरिकेतल्या पाच शहरांमधल्या साठ हजारांवर खड्याच्या रुग्णांचा अभ्यास २०१४ साली झाला. त्यात उष्ण दिवसानंतर खड्याचा त्रास घेऊन येणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त दिसलं. म्हणजे ऊन आज लागतं आणि कळ परवा येते, त्यामुळे माणसाला दोन्हींचा मेळ लागत नाही. थंडीत त्यांच्याकडे वेगळी गर्दी असते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी एकाएकी अडते, कित्येकदा बंद नाकासाठी घेतलेल्या सर्दीच्या गोळीचं निमित्त होतं. हे ऐकताना मला वाटत होतं, चालता न येणाऱ्या माणसाला दोन्ही ऋतूंत जास्त भीती, कारण वेळेवर जाता येत नाही हेच त्याचं मूळ दुखणं.

एथिक्स कमिटीने माझ्याकडून मराठीत लेखी निवेदन मागवलं. कमिटीत डॉक्टरांखेरीज एक वकील आणि एक सामान्य नागरिकही असतात हे मला तेव्हा कळलं. मी दोन पानं लिहिली. तक्रार लिहिली नाही, काय काय घडलं ते लिहिलं आणि शेवटी तीन मागण्या केल्या. सत्रं सकाळी घ्या. सत्राच्या खोलीजवळ कमोडची आणि धरायच्या दांडीची सोय करा. आणि पाणी व लघवी यांबद्दल पहिल्याच दिवशी विचारा, घरच्यांना बाहेर पाठवून विचारा. संबंध शक्य धरला गेल्याने खडा काढायच्या शस्त्रक्रियेचं बिल संस्थेने सोसलं. संशोधनामुळे झालेल्या इजेचा उपचार मोफत मिळणं हा भाग घेणाऱ्याचा हक्क आहे. संमतिपत्रातली तशी ओळही सही करताना आम्ही वाचली होती, पण ती कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

स्टेंट आत असतानाचे आठवडे कठीण गेले. आत नळी असली की मूत्राशय चेतलेलं राहतं, तासातासाला कळ, शेवटी जळजळ, कधी लालसर लघवी. ज्या भीतीने बाबांनी पाणी सोडलं होतं तीच भीती आता दुप्पट, आणि पाणी मात्र आधीच्या तिप्पट प्यायचं. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणली, रात्रीसाठी भांडं ठेवलं. दिवसा मात्र बाबांनी हट्टाने न्हाणीघरापर्यंत चालायचं ठरवलं. पलंगापासून दारापर्यंत मी भिंतीला दांडी बसवून घेतली, उंबरठ्यावर सिमेंटचा उतार केला. पडू नयेत म्हणून मी मागे, माझा हात त्यांच्या कमरपट्ट्यात. ते मला बोलायचे, "सोड ना बाई, पोचतो मी."

जूनमध्ये दुर्बिणीने खडा फोडून काढला, स्टेंट निघाला. तुकडा तपासणीला गेला, कॅल्शियम ऑक्झलेट निघालं. आता पाण्याचा हिशेब पेल्यांवर नाही, लघवीवर आहे. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हायला हवी, मग त्यासाठी उन्हाळ्यात कितीही प्यावं लागो. इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ लोकांना पाच वर्षं पाहिलं होतं. भरपूर पाणी पिणाऱ्या ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्या १०० पैकी २७ जणांना. औषध म्हणाल तर फक्त पाणी. मात्र बाबांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, आधी करून घेतली. हृदय अशक्त असेल किंवा मूत्रपिंड आधीच बिघडलेलं असेल तर इतकं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

बाबांनी अभ्यास सोडला नाही. मी सोडा म्हटलं होतं. त्यांनी संमतिपत्रातलं पान काढून दाखवलं आणि म्हणाले की आपली नोंद अर्धी राहिली तर उपयोग काय. सत्रं सकाळी आठला सुरू झाली. प्रत्येक सत्राआधी "काका, जाऊन आलात का?" हे विचारलं जायचं, आणि पहिल्या दोन-तीन वेळचा संकोच गेल्यावर बाबाही मोकळेपणाने सांगायचे. मधेच पट्टे सोडावे लागले तर सोडले जायचे, राहिलेला वेळ नंतर भरून काढायचे.

शेवटच्या मोजणीला तोच कॉरिडॉर, त्याच खुणा. बाबांना साडेसतरा सेकंद लागले. सेकंदाला ०.५७ मीटर. झटक्यानंतरच्या रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवेल असा फरक साधारण ०.१६ चा मानतात, बाबांचा त्याहून थोडा जास्त निघाला. ट्रेडमिलमुळे, घरच्या त्या न्हाणीघराच्या फेऱ्यांमुळे की नुसत्या काळामुळे, हे एका माणसावरून सांगता येत नाही, आणि म्हणूनच असे अभ्यास करावे लागतात. मोजणाऱ्या मुलीला बाबांचा गट शेवटपर्यंत कळला नाही.

अभ्यासाच्या आराखड्यात एकदा मंजूर झालेली गोष्ट मनाने बदलता येत नाही, दुरुस्ती पुन्हा कमिटीपुढे न्यावी लागते. ती नेली गेली आणि मंजूर झाली. आता नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या पहिल्या तपासणीत लघवीची घाई होते का, बाहेर जायचं म्हणून पाणी कमी पिता का, घरातलं स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, असे प्रश्न आहेत. मार्च ते जून सत्रं फक्त सकाळी. परवा बाबांच्या तपासणीला गेलो तेव्हा झटका येऊन महिना झालेले एक काका हा नवा फॉर्म भरत होते. घाईच्या प्रश्नाशी येऊन ते अडले आणि बायकोकडे बघायला लागले. बाबा काठी टेकत त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "हे खरंखरं सांगा बरं का, माझ्या पाठीत नळी घालायची वेळ आली होती."